घरची कीर्द

राजे, लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास आपण शाळेंत शिकतों. परंतु घराच्या कोनाड्यांत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेली जमाखर्चाची जी लहानशी वही, तिलाहि इतिहास आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आजच्या भाषणांत त्या वहीचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे. मीं आयुष्याचीं तीसांहून अधिक वर्षें प्राथमिक शाळेंत अंकगणित शिकविलें. त्यामुळें आंकड्यांची मला भीति नाहीं, आणि त्यांचें अवास्तव कौतुकहि नाहीं. बेरीज-वजाबाकी चौथीच्या मुलासहि येते. खरा प्रश्न निराळा आहे. ती बेरीज कोणीं करावयाची, आणि ती कोणास दाखवावयाची? जमाखर्चाचा इतिहास जों जों पाहावा तों तों तो या एका प्रश्नाभोंवतीं फिरतांना दिसतो; म्हणून याच प्रश्नाचें बोट धरून आपण पुढें जाऊं.

प्रथम शब्दच पाहूं. हिशेब, जमा, खर्च, बाकी हे सारे शब्द अरबी-फारसीच्या वाटेनें मराठींत आले. ‘फडणीस’ हा शब्द ‘फर्द-नवीस’ म्हणजे याद्या व हिशेबाचे कागद लिहिणारा, यावरून झाला. आणि रोजच्या रोज लिहावयाची ती रोजनिशी. हे शब्द दरबारांतून घरांत आले, याचें कारण हिशेबाची निकड प्रथम दरबारास भासली. शिवछत्रपतींच्या राज्यांत जमाखर्च पाहणारा अधिकारी मुजुमदार म्हणून ओळखला जाई. १६७४ सालीं राज्याभिषेक झाला, अधिकाऱ्यांस संस्कृत नांवें मिळालीं, आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. अष्टप्रधानांत हिशेबनिसास स्थान असावें, यांतच त्या राज्यकर्त्याची दृष्टि दिसते. पुढें पेशवाईंत फडणिशीचें महत्त्व इतकें वाढलें, कीं बाळाजी जनार्दन भानु (१७४२ ते १८००) हा पुरुष इतिहासांत आपल्या आडनांवापेक्षां हुद्द्यानेंच अधिक प्रसिद्ध झाला. नाना फडणीस म्हटल्याबरोबर आपल्याला मुत्सद्दी आठवतो. पण शब्दाचा अर्थ पाहूं गेल्यास तो हिशेब लिहिणारा होता.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे जे रुमालच्या रुमाल आहेत, त्यांत या रोजनिशांना फार मोल आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं या रोजनिशांवर एक प्रस्तावनापर निबंध लिहिला, आणि लढायांच्या बखरींत जें सांपडत नाहीं तें समाजाचें चित्र या कोरड्या नोंदींतून कसें उभें राहतें, हें दाखवून दिलें. पैसा कोठें गेला हें कळलें म्हणजे माणसांचें मन कोठें होतें तेंहि कळतें. ही गोष्ट राज्यास लागू आहे तशीच चार माणसांच्या बिऱ्हाडासहि लागू आहे.

येथें जुन्या हिशेबपद्धतीचें एक मर्म सांगितलें पाहिजे, कारण पुढें त्याचा उपयोग होणार आहे. आपल्याकडे हिशेबाच्या दोन मुख्य वह्या. एक कीर्द, दुसरी खतावणी. कीर्दींत रोजचा व्यवहार ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें लिहावयाचा: कालची शिल्लक, तीत आजची जमा, त्यांतून आजचा खर्च वजा, आणि खालीं आजची शिल्लक. ही शिल्लक पेटींतील रोकडीशीं जुळली पाहिजे. जुळली नाहीं तर दिवा मालवावयाचा नाहीं, अशी शिस्त. नंतर कीर्दींतील एकेक रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाची, ती खतावणी. कीर्द काळाप्रमाणें चालते, खतावणी कारणाप्रमाणें. आज किती गेले हें कीर्द सांगते. कशापायीं गेले हें खतावणी सांगते.

ही पद्धति उत्तमच होती. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दरबारांतील काय किंवा पेढीवरील काय, हा सारा हिशेब लिहिणाऱ्यानें दुसऱ्यास देण्यासाठीं लिहिलेला असे. कारकुनानें धन्यास, मामलेदारानें सरकारास, गुमास्त्यानें पेढीच्या मालकास जाब द्यावयाचा आणि त्यासाठीं वही ठेवावयाची. ज्यास कोणास जाब द्यावयाचा नव्हता, अशा सामान्य गृहस्थाची वहीच नव्हती. त्याचा हिशेब असे, पण तो वाण्याच्या किंवा सावकाराच्या वहींत.

आणि वही दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें १८७५ सालीं पाहिलें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१ ते १८६५) हिंदुस्थानच्या कापसास मोठा भाव आला, हातांत पैसा खेळूं लागला, आणि कर्जहि सहज मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, त्यांतच नव्या आकारणीनें कांहीं भागांत जमिनीचा सारा वाढला. कर्ज मात्र वाढतच राहिलें. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत तो पसरला. या दंग्याची विशेष गोष्ट अशी, कीं लोकांचा राग माणसांच्या जिवावर क्वचितच उठला. त्यांनीं मागितले ते कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी करावी, हा सर्वत्र मुख्य उद्देश होता.

श्रोतेहो, शेतकऱ्यानें धान्याचीं पेवें सोडून कागदच कां जाळावे? अक्षरशत्रु माणसानें ज्या कागदावर आंगठा उठविला, त्यांत मुद्दल किती, व्याज किती, आपण भरलेले हप्ते वजा झाले कीं नाहीं, हें त्यास समजण्याचा मार्गच नव्हता. वही एकच होती, आणि ती समोरच्याच्या गादीवर होती. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत इतर अनेक तरतुदींबरोबर हीहि होती, कीं शेतकरी ऋणकोस भरलेल्या रकमेची लेखी पावती मिळावी, सालोसाल हिशेबाचा उतारा मिळावा, आणि त्यानें मागितल्यास खातेपुस्तक भरून मिळावें. या कायद्यानें सावकारी नष्ट झाली नाहीं, हें इतिहास जाणणाऱ्यांस ठाऊक आहे. तथापि ज्याचें देणें आहे त्याच्याहि हातीं वहीची एक प्रत असली पाहिजे, हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत उतरलें, ही लहान गोष्ट नव्हे.

येथवर आपण दुसऱ्यास द्यावयाच्या हिशेबाविषयीं बोललों. स्वतःच स्वतःस द्यावयाचा हिशेब माणसानें केव्हां सुरू केला, याची तिथि देतां येणें शक्य नाहीं. परंतु असा हिशेब ठेवणारा एक गृहस्थ आपल्याला अगदीं जवळून पाहतां येतो. त्यासाठीं आपणांस सतराव्या शतकांतील लंडन शहरीं जावें लागेल. सॅम्युएल पीप्स हा एका शिंप्याचा मुलगा. पुढें तो इंग्लंडच्या आरमारी कचेरींत मोठ्या हुद्द्यास चढला. ता. १ जानेवारी १६६० पासून ता. ३१ मे १६६९ पर्यंत त्यानें रोजनिशी लिहिली, आणि ती लघुलिपींत लिहिली, म्हणजे घरांतल्या माणसाच्या हातीं पडली तरी वाचतां येऊं नये. तो गेल्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं ती लिपि उलगडली आणि १८२५ सालीं रोजनिशी प्रथम छापून निघाली.

या रोजनिशींत एक प्रकार वारंवार येतो. महिना संपला कीं पीप्स दार लावून हिशेबाला बसतो, देणें-घेणें मांडतो, आपली एकंदर मालमत्ता किती झाली तें काढतो, आणि देवाचे आभार मानतो. पहिल्याच महिन्यांत त्यास असें दिसलें, कीं आपल्यापाशीं चाळीस पौंडांहून अधिक आहेत. त्यास एवढ्याची कल्पना नव्हती. आनंद झाला, पण लगेच धास्तीहि वाटली, कीं आपण कांहीं देणें विसरलों तर नाहीं ना! हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकास ही धास्ती ओळखीची वाटेल.

यापेक्षां बोधप्रद नोंद १६६३ च्या ऑक्टोबरअखेरची आहे. गेल्या महिन्यांत ७६० पौंड असलेली मालमत्ता या महिन्यांत ७१७ पौंडांवर आली; त्रेचाळीस पौंड कमी भरले. पीप्स फार खिन्न झाला व कारण शोधूं लागला. कारण निघालें कपड्यांचें. पत्नीच्या कपड्यांस सुमारें बारा पौंड लागले होते, आणि स्वतःच्या कपड्यांस सुमारें पंचावन्न! बायकोच्या खर्चावरून कुरकुर करणाऱ्या नवऱ्यास त्याच्याच हस्ताक्षरांत मिळालेलें हें उत्तर आहे. वही नसती तर संसार बायकोच्या हौसेनें बुडतो, अशी त्याची समजूत कायम राहिली असती, आणि ती समजूत खरी मानून त्यानें जन्म काढला असता. माणसाच्या आठवणीस आपला खर्च गरजेचा वाटतो व दुसऱ्याचा चैनीचा. वही हा पक्षपात जाणत नाहीं.

याच गृहस्थाच्या घरांतील दुसरी एक हकीकत या चित्राची मागील बाजू दाखविते. पत्नीनें स्वयंपाकघराचा हिशेब ठेवावा आणि महिनाअखेर नवऱ्यास दाखवावा, असा पीप्सच्या घरचा परिपाठ होता. एकदां त्यांत कांहीं शिलिंगांचा मेळ बसेना. भांडण झालें, आणि त्यांत तिनें सांगून टाकलें, कीं रक्कम कमी भरली म्हणजे आपण ती इतर बाबींत थोडीथोडी मिसळून हिशेब जुळवितों. पीप्सला संताप आला. परंतु आपण जरा थांबून विचार करूं. स्वतःसाठीं लिहितांना पंचावन्न पौंडांची उधळपट्टी प्रांजळपणें मांडणारा तो, आणि दुसऱ्यास दाखविण्यासाठीं लिहितांना चार शिलिंग दडविणारी ती, यांच्या स्वभावांत फार अंतर होतें असें मला वाटत नाहीं. अंतर होतें तें त्यांच्या वह्यांत. एक वही समजून घेण्यासाठीं होती. दुसरी रागावून घेण्यासाठीं. भीतीनें लिहिलेला हिशेब जुळतो, पण खरा असतोच असें नाहीं.

आतां याच लंडन शहरीं सव्वादोनशें वर्षांनंतर आलेल्या एका हिंदी विद्यार्थ्याकडे वळूं. मोहनदास करमचंद गांधी हे १८८८ सालीं बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस गेले. वय एकोणीस, पैसा थोरल्या भावाचा. प्रथम कांहीं दिवस त्यांस साहेबी रुबाबाची हौस आली. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड देऊन संध्याकाळचा पोषाख शिवविला. भावाकडून घड्याळाचा सोन्याचा दुपदरी अछोडा मागविला. नाच शिकण्यास तीन पौंड आणि व्हायोलिन घेण्यास तीन पौंड खर्च केले. हें सारें त्यांनीं आत्मकथेंत स्वतःच सांगितलें आहे. परंतु पुढें ते जें सांगतात तें अधिक महत्त्वाचें. या नादाच्या दिवसांतहि ते पै-पैचा हिशेब लिहीत होते. गाडीभाडें, टपालाचीं तिकिटें, वर्तमानपत्रावर गेलेलीं एक-दोन नाणीं, असा अगदीं क्षुल्लक खर्चहि ते टिपून ठेवीत, आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं शिल्लक काढीत.

कोणी म्हणेल, मग त्या वहीचा उपयोग काय झाला? टोपी तर घेतलीच! हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्यांच्या पुढील वागण्यांत आहे. वहीनें टोपी घेण्यापासून त्यांस अडविलें नाहीं. वहीचें तें कामहि नव्हे. परंतु कांहीं काळानें काटकसर करण्याचें मनांत आलें, तेव्हां कोठें हात घालावा हें शोधण्यासाठीं त्यांस अंधारांत चांचपडावें लागलें नाहीं. वहींत दोन बाबी डोळ्यांपुढें उभ्या होत्या. एक गाडीभाडें, दुसरी, ज्या कुटुंबांत ते राहत त्या बिऱ्हाडाचें ठराविक साप्ताहिक बिल आणि त्यापायीं ओघानें येणारा शिष्टाचाराचा खर्च. त्यांनीं खर्च निम्मा करण्याचें ठरविलें. स्वतंत्र खोल्या घेतल्या, आणि त्या अशा ठिकाणीं घेतल्या कीं कामावर पायीं जातां यावें. त्यामुळें भाडें वाचलें, आणि रोज आठ-दहा मैलांचें चालणें घडून प्रकृतिहि सुधारली. पुढें दोन खोल्यांची एक केली, एक स्टोव्ह आणला, सकाळीं ओटची लापशी व कोको घरीं करूं लागले, आणि दिवसाच्या एक शिलिंग तीन पेन्सांत त्यांचें भागूं लागलें. यांत कोठेंहि व्रतवैकल्याचा आवेश नाहीं. एका मोठ्या संकल्पाचे वहीनें दोन-तीन लहान निर्णय करून दिले, आणि ते निर्णय पाळतां येण्यासारखे होते.

याचें फळ पुढें सार्वजनिक कामांत दिसलें. १८९४ सालीं त्यांनीं दक्षिण आफ्रिकेंत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापिली, तेव्हां प्रत्येक रकमेची पावती दिलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. हिशेब चोख नसेल तर सत्याचें पालन अशक्य होतें, अशी त्यांची श्रद्धा. लाखो रुपयांच्या सार्वजनिक निधीस पुरी पडलेली ही संवय विद्यार्थ्याच्या गाडीभाड्याच्या नोंदींतून तयार झाली होती. ज्यास आपल्या चार आण्यांचा पत्ता नाहीं, त्याच्या हातीं दुसऱ्याचे चारशें रुपये देण्यास लोक कचरतात, तें उगीच नव्हे.

परंतु विद्यार्थ्याची वही ही एकट्याची वही. संसाराची गोष्ट वेगळी. तेथें मिळविणारा एक, खर्च करणारीं दुसरीं, आणि गरजा सर्वांच्या. इंग्लंडांत १८६१ सालीं श्रीमती बीटन यांचें गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें, त्यांत घरधनिणीनें हिशेबाची वही नियमितपणें व काटेकोरपणें ठेवावी असा स्पष्ट उपदेश आहे. पण उपदेश निराळा आणि साधन हातीं देणें निराळें. तें साधन हातीं देण्याचें काम जपानांत एका स्त्रीनें केलें. श्रीमती हानी मोतोको (१८७३ ते १९५७) या त्या देशांतील पहिल्या स्त्री-पत्रकारांपैकीं. १९०३ सालीं त्यांनीं पतीसह गृहिणींसाठीं एक मासिक काढलें, आणि १९०४ सालीं घरखर्चाची एक छापील वही प्रसिद्ध केली. जपानी भाषेंत अशा वहीस ‘काकेइबो’ म्हणतात. शब्दशः अर्थ घराच्या हिशेबाची वही. श्रीमती हानींची ती वही आजहि प्रतिवर्षीं नव्यानें छापली जाते.

तिची विशेषता पाहण्यासारखी आहे. खर्च झाल्यावर तो लिहावा, एवढेंच तीत नाहीं. वर्षारंभीं घरांतील माणसांनीं बसून अन्न, कपडालत्ता, घर, शिक्षण, औषधपाणी, येणें-जाणें, करमणूक अशा एकेका बाबीस किती द्यावयाचें तें आधीं ठरवावें, आणि मग रोजची नोंद त्या त्या रकान्यांत पडत जावी, अशी तिची रचना आहे. म्हणजे आपल्या कीर्दीचा आणि खतावणीचा मेळ एकाच पानावर घातलेला, आणि त्यास अंदाजपत्रकाची जोड दिलेली. पीप्सच्या घरांत पत्नी हिशेब दाखवी आणि नवरा तो तपाशी. येथें आधींच सर्वांच्या संमतीनें रक्कम ठरलेली असल्यामुळें गृहिणी जाब देणारी राहत नाहीं. ती घराची अमात्य होते. चार आणे जास्त झाले तर तो तिचा अपराध ठरत नाहीं, घराच्या अंदाजांतील चूक ठरते, आणि ती पुढील महिन्यांत सर्वांनीं मिळून दुरुस्त करावयाची असते.

येथें एक सावधगिरीची सूचना केल्यावांचून पुढें जाणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. हिशेब न ठेवल्यामुळेंच गरीब गरीब राहतात, असें कांहीं सुखवस्तु लोक म्हणत असतात. हें म्हणणें खोटें आहे, आणि तें खोटें आहे हें वह्यांनींच सिद्ध केलें आहे. एर्न्स्ट एंगेल नांवाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें बेल्जममधील कामकरी कुटुंबांचे जमाखर्च तपासून १८५७ सालीं असा सिद्धान्त मांडला, कीं कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग अन्नावर खर्च होतो. आपल्या मुंबईंतहि सरकारच्या मजूर कचेरीनें गिरणगांवांतील व इतर कामकऱ्यांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२३ सालीं तिचा अहवाल छापला. मुंबईच्या चाळींत त्या काळीं रुपयास महिन्याकाठीं एक आणा व्याज हा दर सर्रास चाले. सोळा आण्यांचा रुपया. वर्षाचे बारा आणे झाले. म्हणजे शेंकडा पंचाहत्तर! ज्याच्या मिळकतीचा बहुतेक भाग पोटांत आणि उरलेला व्याजांत जातो, त्यास काटकसरीचा पाठ देणें म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगणें होय. त्याच्या वहीचा उपयोग निराळा. त्यास किती मजुरी पुरेल, हें त्याची वही इतरांस सांगते. आपणां मध्यम स्थितींतील लोकांस मात्र हें निमित्त सांगतां येणार नाहीं. आपल्या खर्चांत ज्यांस ‘किरकोळ’ म्हणतां येईल अशा बाबी पुष्कळ असतात, आणि बहुधा घर गळतें तें तेथेंच.

आतां आजच्या काळाकडे येऊं. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणि पावकी-निमकी घोकून आणे-पैंचा हिशेब तोंडीं करणारी पिढी हळूहळू मागें पडली. तरीहि कालपरवांपर्यंत मध्यम वर्गाच्या घरांत परटाची वही असे, दुधाचा रतीब भिंतीवरील दिनदर्शिकेवर खुणा करून मोजला जाई, आणि वाण्याच्या यादीखालीं ‘भूलचूक देणें-घेणें’ असें लिहिलेलें असे. २०१६ सालापासून मोबाइलवरून तत्क्षणीं पैसे देण्याची यूपीआय पद्धति सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत पोंचली. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. परंतु पैसा हातांतून जातांना पूर्वीं जो स्पर्श होत असे, तो नाहींसा झाला. पाकीट हलकें झालेलें हातास कळे. पडद्यावरचा आंकडा कमी झालेला हातास कळत नाहीं.

यावर तरुण मंडळी म्हणतात, “गुरुजी, आतां लिहावयाचें कशास? यंत्र आपोआप सर्व नोंद ठेवतें.” त्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे. यंत्र कीर्द ठेवतें, आणि ती आपल्यापेक्षां बिनचूक ठेवतें. अमुक तारखेस, अमुक वाजतां, अमुक दुकानास एकशें ऐंशी रुपये गेले, हें तें सांगेल. फार तर दुकानाच्या जातीवरून तो खर्च खाण्याचा कीं कपड्याचा, हाहि अंदाज करील. परंतु ते एकशें ऐंशी रुपये भुकेपायीं गेले, मित्राच्या आग्रहापायीं गेले, कीं नुसत्या कंटाळ्यापायीं गेले, हें यंत्रास कोठून कळावें? ती खतावणी आपणच मांडावयास हवी. शिवाय हेंहि विसरूं नये, कीं यंत्रांतील ती वही पुन्हां दुसऱ्याच्याच गादीवर आहे. सुप्याच्या शेतकऱ्यापेक्षां आपली स्थिति पुष्कळ बरी, कारण आपणांस ती उघडून वाचतां येते. पण जी वाचतां येते आणि वाचली जात नाहीं, ती वही असून नसून सारखीच.

मग करावें काय? इतिहासानें दाखविलेल्या अनुभवांतून चार साध्या गोष्टी निघतात. पहिली, खर्च त्याच दिवशीं लिहावा. आठवड्यानें लिहिलेला हिशेब म्हणजे कादंबरी. दुसरी, खातीं थोडीं ठेवावीं, सात-आठ पुरेत. पंचवीस खातीं काढणारा उत्साही गृहस्थ दुसऱ्या महिन्यांत वहीच ठेवून देतो. तिसरी, ‘किरकोळ’ हें खातें ठेवूंच नये, कारण लपण्यास त्याच्याइतकी सोयीची जागा नाहीं. निदान महिनाअखेर तें उकलून पाहावें. चौथी, आणि माझ्या मतें सर्वांत मोठी, ही वही घरांत कोणास कोणाची चूक पकडण्यासाठीं वापरूं नये. महिन्यांतून एकदां सर्वांनीं मिळून ती वाचावी. मोठ्या मुलामुलींसहि जवळ बसवावें. घरांत पैसा किती येतो आणि कशाला लागतो, हें ज्या मुलास कळलें, त्यास ‘उधारीचें पोतें सवा हात रितें’ ही म्हण निराळी शिकवावी लागत नाहीं.

वही ठेवल्यानें माणूस श्रीमंत होतो, असें मी म्हणणार नाहीं. पीप्स श्रीमंत झाला तो हुद्द्यामुळें. गांधीजींनीं तर श्रीमंतीची वाटच सोडली. दोघांस वहीनें जें दिलें तें एकच होतें: आपण कसे आहों, तें दुसऱ्यानें सांगण्याआधीं स्वतःस कळणें. शेंकडों वर्षें आपला हिशेब दरबाराच्या, सावकाराच्या आणि वाण्याच्या वहींत लिहिला गेला. तो आपल्या घरांत, आपल्या हस्ताक्षरांत लिहिण्याची मुभा मोठ्या कष्टानें आपल्यापर्यंत आली आहे. एक साधी वही आणि रात्रीचीं पांच मिनिटें, एवढीच तिची किंमत आहे. आणि पहिल्या दिवशीं खर्चाच्या बाजूस प्रथम त्या वहीचीच किंमत मांडावी.